संस्थान विलीन झालं, प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, तेव्हा कुठं खाशाबा जाधव हेलसिंकीला पोहोचले

हिंगोलीत आमचा एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. पोहायला तो शिकला पाठीला डबा बांधून, विहिरीत. सायकल शिकला वडिलांच्या मोठ्या सायकलवर, कैची मारत. आणि पळायचं म्हणाल तर पोलीस भरतीच्या नादात चार वर्षं रोज पहाटे रस्त्यावर पळालाय. भरती काही झाला नाही, पळायची सवय मात्र राहिली.

या तिन्ही गोष्टी एकामागोमाग एक, मधे न थांबता केल्या की त्याला ट्रायथलॉन म्हणतात, हे त्याला मोबाईलवर कळलं. तिथून गडी जो पेटला तो पेटलाच. सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकल काढायची, औंढा नागनाथ गाठायचं, दर्शन घ्यायचं आणि परत यायचं. बाकीचे दिवस विहीर आणि रस्ता.

ट्रायथलॉन हा तसा नवा खेळ. ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला २००० साली, सिडनीला. तिथं दीड किलोमीटर पोहायचं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळायचं असतं. याचा थोरला भाऊ म्हणजे आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वरून अख्खी मॅरेथॉन. ही आयर्नमॅन पहिल्यांदा १९७८ साली हवाईमध्ये झाली तेव्हा पाण्यात उतरले होते फक्त १५ जण आणि पूर्ण केली १२ जणांनी. सगळे हौशी. आजही या स्पर्धांमध्ये उतरणारे बहुतेक लोक हौशीच असतात. म्हणजे नोकरीधंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून खेळणारे.

आणि मित्राचं गाडं नेमकं तिथंच अडलं. सायकल, बूट, गॉगल, स्पर्धेची फी, रेल्वेचं तिकीट, राहणं. महिन्याच्या पगारात बसणारं हे गणित नव्हतं. शेवटी शाळेतल्या सहकाऱ्यांनी गणपतीला काढतात तशी वर्गणी काढली. त्यावर कुणीतरी त्याला गमतीनं म्हणालं की तू आता आमचा खाशाबा झालास.

सगळे हसले. पण खाशाबांची वर्गणी नेमकी काय होती, ती का काढावी लागली आणि पुढं ती फेडली कुणी, हे विचारलं तर त्या खोलीतल्या कुणालाच नीट सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. खाशाबा जाधव म्हणजे ऑलिंपिक पदक, एवढंच आपल्याला पाठ असतं. म्हणून ही गोष्ट.

गोळेश्वरचं पोरगं

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथं १५ जानेवारी १९२६ ला खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. पाच भावांतले ते धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळं घरात कुस्तीचा विषय जेवणाइतकाच रोजचा. पाचव्या वर्षी वडिलांनी पोराला मातीत उतरवलं. आठव्या वर्षी या पोरानं भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत आस्मान दाखवलं, असं सांगतात.

अंगानं ते लहानखुरे होते. पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो मोडके कान आणि मांडीएवढे दंड असलेला गडी येतो, तसे ते दिसायचे नाहीत. पुढं त्यांना पॉकेट डायनॅमो म्हणायला लागले ते त्यामुळंच. कुस्तीच्या जोडीला पोहणं आणि पळणंही होतं. त्या काळातल्या गावच्या पोराला व्यायामासाठी वेगळं मैदान लागायचंच नाही, नदी आणि शिवार पुरायचं.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. १९४२ चं चले जाव आंदोलन पेटलं तेव्हा हा मुलगा १६ वर्षांचा. सातारा जिल्हा तर प्रतिसरकारचाच. भूमिगत कार्यकर्त्यांना लपायला जागा देणं, त्यांची पत्रकं पोहोचवणं अशी कामं खाशाबांनी केली. ऑलिंपिकमध्ये देशाचा झेंडा फडकवायचा, हे त्यांनी १५ ऑगस्ट १९४७ ला मनाशी ठरवलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. आणि कुस्तीसाठी कोल्हापूर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तालमींना आश्रय दिला, देशभरातले मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले. पैलवानाचा खुराक ही संस्थानाची जबाबदारी मानली जायची. बदाम, तूप, दूध याचा खर्च गरिबाच्या घराला झेपणारा नसतो. तो राजानं उचलला तर पैलवान घडतो, इतका साधा हिशेब होता. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खाशाबांची अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी त्यांना उतरवायलाच नकार दिला, मग ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मिळवून आपल्यापेक्षा थोराड मल्लांना चितपट करून आले, असा किस्सा आहे. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. ढाकेत समोरच्याची मान आणि हात आवळून त्याला खांद्याकंबरेवरून फेकायचं असतं. लहान अंगाच्या माणसाला जड माणसाविरुद्ध याहून चांगलं हत्यार नाही.

लंडन, आणि पायाखालची गादी

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक होतं. दुसऱ्या महायुद्धामुळं १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा झाल्याच नव्हत्या. स्वतंत्र भारताचं हे पहिलं ऑलिंपिक. खाशाबांची निवड झाली आणि प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला.

लंडनला पोहोचल्यावर अडचण कळली. तिथं माती नव्हती, गादी होती. आता आपल्याला वाटेल की कुस्ती ती कुस्ती, माती काय आणि गादी काय. पण तसं नाही. तालमीतल्या हौद्यात तांबडी माती असते. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. पाय त्यात रुततो, डाव सावकाश बसतो, दम धरून झुंजता येतं आणि कुस्ती निकाली होईपर्यंत चालू शकते. गादीवर पाय सटकतो, सगळं झटपट होतं, वेळ ठरलेली असते आणि पाठ टेकली नाही तरी पंच गुणांवर निकाल देतात. ज्यानं आयुष्यभर मातीत घाम गाळला त्याला गादीवर उभं करायचं म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याला समुद्रात सोडण्यासारखं आहे.

रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तिथं खाशाबांना थोडंफार शिकवलं. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढं मात्र ते हरले. सहावा क्रमांक आला.

जाता जाता एक. खाशाबा लंडनमध्ये स्वतंत्र भारताकडून लढत होते तेव्हा आमची हिंगोली अजून निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थान भारतात आलं ते त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या खाशाबा तेव्हा आमचे खेळाडू नव्हतेच! असो.

कोल्हापूरला परतल्यावर खाशाबांनी वजनगट बदलायचं ठरवलं. फ्लायवेट सोडून ते बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात आले. सकाळ-संध्याकाळ मिळून तासन् तास मेहनत चालू झाली. पुढचं ऑलिंपिक चार वर्षांनी, हेलसिंकीला.

पण या चार वर्षांत एक मोठी गोष्ट घडली, जी खेळाच्या बातम्यांत कुठं येत नाही. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

देशासाठी ते गरजेचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण तालमींच्या बाजूनं बघा. ज्या तिजोरीतून पैलवानाचा खुराक यायचा, ज्या माणसाच्या एका शब्दावर लंडनचं तिकीट निघालं होतं, ती तिजोरी आता त्याच्या हातात राहिली नव्हती. जुना पोशिंदा गेला आणि नवा अजून आलाच नव्हता. नव्या सरकारपुढं फाळणी, निर्वासित आणि अन्नधान्याची टंचाई होती. परदेशात खेळायला जाणाऱ्या पैलवानासाठी पैसे काढून ठेवायचे असतात, अशी व्यवस्था कुणी उभीच केली नव्हती. खाशाबा नेमके त्या दोघांच्या मधल्या फटीत सापडले.

हौशी म्हणजे कोण?

इथं जरा थांबून हौशी या शब्दाकडं बघू. कारण ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. खेळून पैसे कमावलेला माणूस चालायचा नाही.

ऐकायला किती छान वाटतं. खेळ खेळासाठी! पण हा नियम जन्माला आला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, बड्या लोकांच्या क्लबांत. तिथल्या हेन्ली इथल्या प्रसिद्ध होडीच्या शर्यतीत तर हातानं काम करणारा कारागीर आणि मजूर हौशी धरलाच जायचा नाही. ज्याच्या घरी खायची ददात नाही त्यानं हौस करावी, पोटासाठी राबणाऱ्यानं नाही, हा त्यामागचा खरा अर्थ. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या जिम थॉर्पची पदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली गेली. त्यानं गुन्हा काय केला होता, तर ऑलिंपिकच्या आधी पोटापाण्यासाठी बेसबॉलचे किरकोळ सामने पैसे घेऊन खेळले होते.

आपल्याकडं हा प्रश्न खाशाबांच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघायला सर दोराबजी टाटा होते. अनवाणी पळणारी खेड्यातली पोरं, आणि वेळ मात्र युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी. टाटांनी पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले आणि १९२० साली एक छोटासा चमू अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. सदाशिव दातार हेही त्या मॅरेथॉनमध्ये पळाले होते. रणधीर शिंदे कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. आज कुणी मॅरेथॉन पळून आलं की आपण स्टेटस ठेवतो. चौगुलेंचं नाव मात्र बेळगाव सोडलं तर फारसं कुणाला माहीत नाही.

सांगायचा मुद्दा असा की १९२० ला टाटा होते आणि १९४८ ला महाराज होते. १९५२ ला कुणीच नव्हतं.

सात हजार रुपये

त्यात निवडीचाच घोळ झाला. मद्रासला झालेल्या स्पर्धेत कलकत्त्याच्या निरंजन दास यांच्यापेक्षा खाशाबांना एक गुण कमी मिळाला. आपल्यावर जाणूनबुजून अन्याय झाला असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांनी पुन्हा लढत लावली आणि खाशाबांनी दास यांना चितपट केलं. गुण मोजायचा प्रश्नच ठेवला नाही.

जागा मिळाली. आता पैसे.

राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी. आपल्यापैकी कितीजण आपल्या सख्ख्या भावासाठी घराचे कागद बँकेत ठेवतील, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तरीही पैसे कमी पडत होते. तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं ४,००० रुपयांची मदत मागितली गेली आणि स्पर्धा झाल्यावर भेटा असं उत्तर मिळालं, असं खाशाबांच्या आयुष्याबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे जण सांगतात. मग गावकरी पुढं आले. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी जमेल ते दिलं. कुणी पैसे, कुणी वस्तू.

म्हणजे ज्याला आपण भारताचा चमू म्हणतो त्यातला हा पैलवान एका प्राचार्याच्या कर्जावर आणि गावच्या वर्गणीवर निघाला होता. नियमाच्या भाषेत शंभर टक्के हौशी.

हेलसिंकी

१९ जुलै १९५२ ला फिनलंडच्या राजधानीत ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. स्टेडियमच्या मनोऱ्यावरची ज्योत पेटवली हान्नेस कोलेहमाइनेन यांनी. हे तेच, ज्यांनी १९२० ला अँटवर्पची मॅरेथॉन जिंकली होती. म्हणजे आपले फडेप्पा चौगुले ज्यांच्या मागून पळाले ते. जग लहान आहे म्हणतात ते असं.

याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. दमसासाचा विषय निघाला की आजही ट्रायथलॉनवाले त्याचं नाव घेतात. झाटोपेक सैन्यात अधिकारी होता. सोव्हिएत संघ तर पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. त्यांचे खेळाडू कागदावर हौशीच, कारण पगार सैन्याचा नाहीतर कारखान्याचा असायचा. पण दिवसभर काम म्हणजे सराव. त्यांच्या खुराकाची, प्रशिक्षकाची, प्रवासाची काळजी सरकार घ्यायचं. खाशाबांच्या समोर गादीवर हे उभे राहणार होते.

पहिल्या लढतींत खाशाबा सुसाट सुटले. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ या तिघांना मागं टाकून ते पदकाच्या लढतींत पोहोचले. चार वर्षांपूर्वी गादीवर चाचपडणारा पैलवान आता गादी ओळखत होता.

शेवटी उरले तिघं. जपानचा शोहाची इशिई, सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव आणि आपले खाशाबा.

आता जे घडलं ते वाचून आजही चरफडायला होतं. खाशाबा एक लांबलेली, दमवणारी लढत खेळून गादीवरून उतरले आणि त्यांना लगेच मम्मदबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन लढतींच्या मधे किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, हा नियम होता. पण तो पंचांना दाखवायला, भांडायला, निदान आपली बाजू मांडायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. पैलवान परक्या देशात, परक्या भाषेत एकटा. खाशाबा तसेच दमलेल्या अंगानं उतरले आणि हरले.

इशिईनंही त्यांना हरवलं. तो सुवर्णपदक घेऊन गेला आणि जपानचं त्या ऑलिंपिकमधलं ते एकमेव सुवर्ण ठरलं. मम्मदबेयोवला रौप्य. २३ जुलै १९५२ ला खाशाबांना कांस्य मिळालं.

तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का? मला वाटतं, हा प्रश्न आपल्याला पडतो यातच सगळं आलं. मातीत वाढलेल्या माणसाला गादी शिकता आली. त्याच्याबरोबर एक माणूस उभा करणं मात्र यंत्रणेला जमलं नाही. कोल्हापूरचे केशव माणगावेही याच ऑलिंपिकमध्ये फेदरवेट गटात लढले आणि पदकाच्या जवळ जाऊन हुकले, हेही इथं सांगायला हवं. एका गावच्या तालमींतून एकाच वेळी दोघं तिथवर पोहोचले होते.

हॉकीत भारतानं सुवर्ण जिंकलं, ते अपेक्षितच होतं. पण एकट्यानं खेळून पदक मिळवणारा स्वतंत्र भारतातला पहिला माणूस म्हणजे खाशाबा. त्यांच्या आधी १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर आहेत, पण तो इंग्रजांचा काळ.

मिरवणूक संपल्यावर

खाशाबा कराडला उतरले तेव्हा १५१ बैलगाड्या सजवून उभ्या होत्या. एरवी पाव तासात संपणारा गोळेश्वरचा रस्ता त्या दिवशी सात तास चालला म्हणे. ढोल, ताशे, गुलाल, ओवाळणं. वर्गणी दिलेल्या प्रत्येकाला आपला रुपया पदकात दिसत असणार.

आणि मग खाशाबांनी काय केलं? नोकरीसाठी अर्ज नाही, सत्काराचा दौरा नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः त्यात लढले, जिंकले. जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं.

मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त हाच भाग आवडतो. पदकापेक्षाही. गंमत बघा, ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी त्याच वर्षी एव्हरी ब्रंडेज निवडून आले होते. हौशीपणाच्या नियमाबाबत यांच्याइतका कडक माणूस दुसरा झाला नाही. तिकीट लावून कुस्ती करून पैसे जमवणं त्यांच्या नियमात बसलं असतं का, यावर वाद घालता येईल. पण कोल्हापुरात कुणाला तो प्रश्न पडला नाही. उसने घेतलेले परत द्यायचे असतात, हा त्याहून जुना नियम तिथं चालू होता.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्यातल्या स्पर्धा गाजवल्या, पोरांना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू होती, पण गुडघा दुखावला आणि ते स्वप्न तिथंच थांबलं. नोकरी मात्र २७ वर्षं केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ ला दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा ज्योतीच्या दौडीत त्यांना बोलावलं गेलं होतं.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. वय ५८.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला होता. म्हणजे खाशाबा त्यानंतर २३ वर्षं हयात होते आणि या काळात तो त्यांना कधीच मिळाला नाही. २००० सालचा अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कारही त्यांच्या माघारीच आला. पद्म पुरस्कारासाठी कुटुंबीय वर्षानुवर्षं मागणी करत आले. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० साली त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यांच्यानंतर एकट्यानं ऑलिंपिक पदक मिळवायला भारताला ४४ वर्षं लागली. १९९६ ला अटलांटात लिएंडर पेसनं टेनिसमध्ये कांस्य जिंकलं. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ ला सुशील कुमारनं आणलं, म्हणजे ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक? त्यासाठी १ ऑगस्ट २०२४ उजाडावा लागला. पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरीला. ७२ वर्षं.

आता शिष्यवृत्त्या आहेत, क्रीडा प्रबोधिनी आहेत, पदक आणलं की कोटींची बक्षिसं जाहीर होतात. पण लक्षात घ्या, हे बहुतेक सगळं पदक आल्यावरचं किंवा पदकाच्या टप्प्यात आल्यावरचं आहे. तालुक्याच्या गावी विहिरीत पोहणाऱ्याला त्याच्या अलीकडचा खर्च अजूनही स्वतःच, नाहीतर वर्गणीतून भागवावा लागतो.

गोळेश्वरला खाशाबांच्या घराचं नाव ऑलिंपिक निवास असं आहे. त्यांच्या नावानं गावात कुस्ती संकुल व्हावं म्हणून घरचे लोक कित्येक वर्षं पाठपुरावा करत होते. २०१७ साली तर संकुलासाठी पैसा उभा करायला पदकाचाच लिलाव करण्याची तयारी त्यांनी जाहीर केली होती आणि त्याच्या बातम्या देशभर झाल्या. १९५२ ला पदकासाठी घर गहाण पडलं होतं. यावेळी तालमीसाठी पदक विकायला निघालं होतं.

२०२३ मध्ये राज्य सरकारनं खाशाबांचा वाढदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करायचं ठरवलं. आमच्या मित्राच्या शाळेतही त्या दिवशी फोटोला हार घालतात आणि पोरांच्या शर्यती घेतात. शर्यती कोण घेतं हे सांगायला नकोच. गेल्या वेळी त्यानं फोटोसमोर उभं राहून पोरांना पदकाची गोष्ट सांगितली, पण सुरुवात केली ती खर्डेकर सरांच्या घरापासून.